मॅकरोनी कुणाच्या हातची

हॅमवर कुणाचंच दुमत नव्हतं. त्या दिवशी भांडणाशिवाय पार पडलेली एवढी एकच गोष्ट, म्हणून ती आधी सांगून टाकते. हॅम माझे वडील होझिया करणार, अंगणातल्या पिंपात, हिकरीच्या लाकडाच्या धुरावर, शनिवारी पहाटेपासून, आणि त्यांच्या आसपास कुणी फिरकायचं नाही. मी यादीत पहिल्या ओळीवर लिहिलं: हॅम, होझिया. आमच्याकडे ईस्टरच्या जेवणाची यादी मीच लिहिते, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मला स्वयंपाक येत नाही. ज्याला काहीच येत नाही त्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास असतो.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्च सुटलं की आम्ही टॉलिव्हर मंडळी माडिअरच्या स्वयंपाकघरात जमतो. माडिअर म्हणजे माझी मोठी काकू. ल्युसिंडा हे तिचं नाव फक्त मतदारयादीत आहे. वय एकोणऐंशी, कंबर ताठ, जीभ त्याहून ताठ. टेबलाच्या डोक्याशी ती बसली होती. तिच्या उजवीकडे थोरली मुलगी व्हर्डेल, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, जी अजून सगळ्यांकडे उशिरा आलेल्या पोरांकडे बघावं तसंच बघते. डावीकडे धाकटी क्लॉडेट, जिचं केशभूषेचं दुकान म्हणजे आमच्या गावाचं वर्तमानपत्र. तिघींच्या टोप्या फ्रीजरवर ओळीनं ठेवलेल्या. व्हर्डेलची पिवळी टोपी एवढी मोठी होती की तिच्या मागच्या बाकावरच्यांना पाळकसाहेब त्या दिवशी फक्त ऐकू आले.

आणि मागच्या दाराजवळ, स्टुलावर, ओनिडा. माडिअरच्या एकुलत्या मुलाची, रोझेलची, बायको. विधवा म्हणायला हवं खरं तर, पण रोझेलला जाऊन दीड वर्षच झालंय आणि तो शब्द अजून आमच्या कुणाच्या तोंडात बसलेला नाही. तिची ओळ मी बैठक सुरू व्हायच्या आधीच यादीच्या तळाशी लिहून ठेवली होती: बर्फ, कागदी ताटं, पेले. एकोणीस ईस्टर तीच ओळ, त्यात विचारायचं काय?

कुणाच्या मनात काय चाललं होतं ते मला कसं ठाऊक, असं कुणी विचारेल. आमच्या घरात मनातलं मनात राहत नाही. आठवड्याभरात सगळं माझ्याकडे येतं, बहुतेक क्लॉडेटच्या खुर्चीवरून.

"बटाट्याचं सॅलड?" मी विचारलं.

"मी," क्लॉडेट म्हणाली. "आणि भरली अंडी पण मीच. साठ अंडी."

"सॅलडमध्ये या वर्षी बटाटे घालणार आहेस का?" व्हर्डेलनं चष्म्यावरून पाहिलं. "नाही, गेल्या वर्षी शोधावे लागले म्हणून विचारते. मोहरीच मोहरी."

"तुला मोहरी लागली?" क्लॉडेट गोड हसली. ती गोड हसली की बाबा आपली खुर्ची जरा मागे घेतात. "मला तुझ्या कॉलर्डच्या पालेभाजीत काय लागलं सांगू? धुण्याचा साबण. तू भाजी वॉशिंग मशीनमध्ये धुतेस हे सगळ्या परगण्याला माहीत आहे."

"थंड पाण्यावर! साबण न घालता! आणि ते मशीन मी भाजीसाठी वेगळं ठेवलंय!"

"मग जेवल्यावर मला ढेकर आला त्याला लॅव्हेंडरचा वास का होता गं?"

बाबांना ठसका लागला. माडिअरनं टेबलावर चमचा आपटला, पण ओठ घट्ट मिटून, म्हणजे हसू दाबत होती.

"वर्षानुवर्षं पन्नास माणसांची भाजी निवडते मी," व्हर्डेल म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "पान न् पान. हातानं धुऊन बघ एकदा. ज्यांनी हातानं धुतली त्यांचं काय झालं ते पाहिलंच आहे आपण."

झालं. सगळ्यांची नजर मागच्या दाराकडे गेली.

एकोणीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला, ओनिडानं कॉलर्डची भाजी केली होती. तिचं माहेर शहरातलं. तिथे भाजी पिशवीतून यायची, धुतलेली, चिरलेली. आमच्याकडे ती मातीतून येते. तीन पाण्यांत धुवायची, चौथ्यात बघायची. ओनिडानं एका पाण्यात धुतली आणि हौसेनं पहिला वाढा पाळकसाहेबांना दिला. दाताचा टवका उडाल्याचा आवाज अंगणापर्यंत आला. नंतरचे तीन रविवार पाळकसाहेबांच्या प्रवचनात मधूनमधून शिट्टी वाजायची. तेव्हापासून ओनिडा आणि स्वयंपाक हे दोन शब्द आमच्यात एका वाक्यात आले की कुणीतरी हटकून दातावर बोट वाजवतं.

आता क्लॉडेटला ओनिडाचा पुळका आला. म्हणजे ओनिडाचा नव्हे, व्हर्डेलला झोंबेल अशा कुठल्याही गोष्टीचा.

"मी म्हणते, यंदा भाजी ओनिडालाच देऊ या," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली. खून केलेला माणूससुद्धा एवढ्यात सुटून येतो."

"माझं अनुमोदन," बाबा म्हणाले. ओनिडा दर बुधवारी त्यांना डबा नेऊन देते. तिच्या डब्यात काय असतं ते बाबा कुणाला सांगत नाहीत, वाटेकरी होतील म्हणून.

"भाजी माझी आहे," व्हर्डेलनं मला बजावलं. "लिही."

मी लिहिलं. शिक्षा झालेल्या विद्यार्थ्याला हात चालवावाच लागतो. मग पाकातली रताळी क्लॉडेटकडे गेली, मक्याचा पाव आणि नारळाचा केक व्हर्डेलकडे. शेवटी मी सवयीनं लिहून टाकलं: मॅकरोनी, माडिअर.

"खोड ते," माडिअर म्हणाली.

"काय खोडू?"

"माझं नाव. यंदा मॅकरोनी मी करणार नाही. माझा उजवा खांदा गेलाय. पाच पौंड चीज किसणं आता माझ्याच्यानं होत नाही."

व्हर्डेलनं चष्मा काढला, बाबांनी मागे घेतलेली खुर्ची पुढे ओढली. हे बाहेरच्याला कळायचं नाही. हॅम कुणीही करावं, केक विकतचाही चालून जातो, तोंड वाकडं करून का होईना. पण भाजलेली मॅकरोनी-चीज म्हणजे घरातली गादी. आमच्याकडे ताटात काही घ्यायच्या आधी माणूस एकच प्रश्न विचारतो: हे कुणी केलंय? उत्तर पटलं तर चमचा आत जातो. नाही पटलं, तर "पोट भरलंय गं माझं" असं म्हणून पुढे सरकतो. यादीत नाव नसताना कुणी हौसेनं काही करून आणलंच, तर ते भांडं टेबलाच्या पार टोकाला ठेवतात आणि वरची चांदीची फॉइल न उघडता संध्याकाळी त्याच गाडीतून परत जातं. माडिअरच्या मॅकरोनीला मात्र हा प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत फक्त शास्त्रापुरता विचारला गेला होता.

पुढचं वाक्य काय येणार ते ओनिडाला माहीत होतं. गुरुवारीच माडिअरनं तिला फोनवर शब्द दिला होता: "रविवारी सगळ्यांसमोर तुझं नाव सांगते."

गेली तीन वर्षं मॅकरोनी ओनिडा करत होती.

पहिल्या वर्षी ती शनिवारी सकाळी बर्फाची पेटी ठेवायला आली, तर माडिअर अर्धवट किसलेल्या चीजसमोर बसून रडत होती. हात वर जात नव्हता. ओनिडानं तिच्या हातातली किसणी घेतली. माडिअर खुर्चीत बसून सांगत गेली, ओनिडा करत गेली. दुसऱ्या वर्षीही तसंच. दुपारी जेवताना रोझेलनं पहिला घास घेतला, चावायचा थांबला, बायकोकडे बघितलं आणि टेबलाखालून तिचा हात दाबला. आईचा नि बायकोचा हात त्याला वेगळा कळला होता, पण तो शहाणा होता, गप्प बसला. तिसऱ्या वर्षी रोझेल नव्हता. माडिअर त्या शनिवारी खुर्चीतही बसली नाही. त्याच्या खोलीत जाऊन पडली. ओनिडानं एकटीनं, स्वतःच्या मनानं केली. आटवलेलं दूध जरा जास्त, चिमूटभर मोहरीची पूड, आणि तीन चीजच्या जागी पाच. त्या दिवशी पन्नास माणसं जेवली आणि पन्नासच्या पन्नास म्हणाली, माडिअर, आयुष्यात एवढी चांगली केली नव्हतीस. व्हर्डेल तर रडली. "आईनं आपलं सगळं दुःख ओतलंय हिच्यात," असं म्हणत तिनं तिसऱ्यांदा वाढून घेतली.

म्हणूनच आता ओनिडा स्टुलावर ताठ बसली. दोन्ही हात मांडीवर. पोरबाळ नाही, नवरा गेलेला, आणि या घराशी तिला जोडून ठेवणारं जे काही होतं ते आता एका म्हाताऱ्या बाईच्या ओठांवर होतं.

माडिअरनं चहाचा घोट घेतला. "कुणी करायची," ती म्हणाली, "ते तुम्ही ठरवा."

ओनिडाला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"ठरवायचं काय त्यात?" व्हर्डेल उठून उभीच राहिली. "मी थोरली आहे."

"थोरली आहेस, चव असणारी नाहीस," क्लॉडेट म्हणाली. "तू वरून पावाचा चुरा घालतेस. मी डोळ्यांनी पाहिलंय. मॅकरोनीवर चुरा! आपले बाबा स्वर्गात बसून डोकं बडवून घेत असतील."

"ते तुझ्या त्या पातळ पाण्यापेक्षा बरं! तुझी मॅकरोनी पेल्यातून प्यावी लागते!"

"काका, तुम्ही सांगा!"

"मी हॅमवाला आहे," बाबा म्हणाले. "मला यात ओढू नका."

दहा मिनिटं असं चाललं. व्हर्डेलनं क्लॉडेटचे दोन घटस्फोट काढले. क्लॉडेटनं व्हर्डेलच्या नवऱ्याचं घोरणं काढलं, त्याचा मॅकरोनीशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. मी पेन्सिलीला टोक करत बसले. मग व्हर्डेलनं मुख्याध्यापिकेचं डोकं चालवलं. भांडण जिंकता येत नसेल तर समोरच्याला पदरात घ्यायचं, हे तिला पस्तीस वर्षांच्या पालकसभांनी शिकवलंय.

"हे बघ," ती एकदम मऊ झाली. "दोन भांडी करू. एक तू, एक मी. शेवटी हात आईचाच आहे ना आपल्या दोघींत? हे रक्तात असावं लागतं. बाहेरच्या कुणाला पाच जन्म घेतले तरी जमायचं नाही."

क्लॉडेटनं क्षणभर विचार केला. "चुरा नाही?"

"चुरा नाही."

"मग चालेल. खरंय तुझं. रक्तातच असतं ते."

दहा मिनिटांपूर्वीचा ओनिडाचा पुळका कुठल्या कुठे गेला. दोघी बहिणींनी एकमेकींच्या हातावर हात ठेवले. मी लिहायला लागले.

"थांब, विनी," मागून आवाज आला. ओनिडा उभी राहिली होती. "मॅकरोनी मी करते."

क्लॉडेटला हसू फुटलं आणि तिनं नकळत दातावर बोट वाजवलं. वाजवल्यावर तिला जरा लाज वाटली असावी, तिनं हात खाली घेतला. पण माझंही तोंड हसलं होतं, खोटं कशाला बोलू.

व्हर्डेल हसली नाही. तिनं ओनिडाकडे पाहिलंही नाही. ओनिडाशी बोलायचं असलं की ती माझ्याकडे बघून बोलते, जशी काही मी दुभाषी आहे.

"विनी, तिला सांग, तिनं मनाला लावून घेऊ नये. रोझेल होता तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता तिनं कशाला धावपळ करायची? यंदापासून बर्फही राहू दे. पाहुण्यांसारखं यावं, जेवावं, आराम करावा. आम्ही काही परकं मानत नाही."

पाहुण्यांसारखं. फार प्रेमानं म्हणाली ती. व्हर्डेलचं नेहमी असंच. ती चिडून बोलते तेव्हा फक्त आवाज लागतो, प्रेमानं बोलते तेव्हा रक्त निघतं.

ओनिडानं माडिअरकडे पाहिलं. माडिअर कपातल्या चहाकडे बघत राहिली, त्यात काय बुडालंय कोण जाणे.

"बरं," ओनिडा म्हणाली. तिनं फ्रीजरच्या कडेवरून आपली छोटी करडी टोपी उचलली, पर्स काखेत मारली. "मी या ईस्टरला मेकनला माझ्या बहिणीकडे जाईन. ती कधीची बोलावतेय. तुम्हा सगळ्यांना सण सुखाचा जावो."

जाळीचं दार आपोआप आपटलं. तिनं आपटलं नव्हतं, ते नेहमीच आपटतं.

"आता यात रागावण्यासारखं काय होतं?" व्हर्डेलनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पण नजर अजून शाबूत. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही सांगताय की मी सांगू?"

माडिअरनं मान वर केली. "काय सांगणार तू?"

"पन्नास वर्षं तुमच्या हातची मॅकरोनी खाल्ली मी. गेली तीन वर्षं ती तुमच्या हातची नव्हती. मला पहिल्या घासाला कळलं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"चांगली झाली होती म्हणून! बोललो असतो तर तुम्ही पुन्हा स्वतः करायला लागला असता."

माडिअरचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदाच असा पडलेला पाहिला. तिचं तेव्हा काय झालं ते तिनं मला नंतर, तिच्या पद्धतीनं, शिव्या घालत सांगितलं. तोंड उघडायचं म्हणून तीन वेळा उघडलं होतं तिनं. तिन्ही वेळा मनात आलं, आज हे सांगितलं की उद्यापासून मी कोण? या टेबलाच्या डोक्याशी बसलेली एक म्हातारी, जिला औषधाची वेळ सांगावी लागते. लोक तिच्या घरी जमायचे ते मॅकरोनीसाठी, अशी तिची पक्की समजूत होती. आणि सुनेनं ती नुसती केली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण गेल्या वर्षी सुनेची जास्त चांगली झाली होती, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"ओनिडानं केली," ती शेवटी म्हणाली. "तिन्ही वर्षं."

"काय?" दोघी बहिणी एकदम.

"बहिऱ्या झालात का? ओनिडानं. माझा हात वर जात नव्हता. पहिली दोन वर्षं मी सांगितलं, तिनं केलं. गेल्या वर्षी मी सांगितलंही नाही. सगळी तिची."

"तरीच," व्हर्डेल म्हणाली. "तरीच मला मीठ जरा जास्त लागलं होतं."

"मलाही," क्लॉडेट म्हणाली. "आणि कडा करपल्या होत्या."

"करपल्या होत्या?" माडिअरनं टेबलावर तळहात आपटला, गेलेल्या खांद्याचाच, आणि कळ दाबत ओरडली, "तीनदा घेतलीस, व्हर्डेल! रडत रडत घेतलीस! आणि क्लॉडेट, तू उरलेली आख्खी ताटली कोटाच्या आत लपवून घरी नेलीस, मी खिडकीतून बघत होते. म्हणे रक्तात असतं! तुमच्या दोघींच्या रक्तात असतं तर मला परक्याच्या पोरीकडून करवून घ्यावी लागली असती? तीन वर्षं एका शब्दानं बोलली नाही ती. तुम्ही दातावर बोटं वाजवत होतात, ती बर्फ फोडत होती. आणि मी, मी तुमच्यापेक्षा वाईट. मला माहीत होतं."

ती उठली. चर्चचे जोडे टेबलाखाली काढलेले होते, ते न घालता घरातल्या चपलांवरच बाहेर निघाली. मी मागे गेले, कारण तिला तीन पायऱ्या उतरवत नाहीत, आणि कारण मला ऐकायचं होतं.

ओनिडाची गाडी अजून दारातच होती. पाइनच्या झाडांचा पराग नुसता उधळला होता. सगळी गाडी पिवळ्या पुडीनं माखलेली. ओनिडानं पाण्याचा फवारा मारून काच पुसायला घेतली असणार, त्याचा चिखल झाला होता आणि ती आत बसून वायपर चालवत तो आणखी पसरवत होती. चेहराही तसाच झाला होता. माडिअरनं खिडकीवर टकटक केलं.

"काच खाली कर."

काच थोडीशी खाली आली.

"मी भ्याले," माडिअर म्हणाली. "मला भिताना कुणी पाहिलेलं नाही, म्हणून नीट बघून घे. गेल्या वर्षी सगळे म्हणाले, आयुष्यात सगळ्यात चांगली. साठ वर्षं मी चुलीपाशी उभी राहिले आणि सगळ्यात चांगली ठरली ती मी न केलेली. मला तुझा मत्सर वाटला. पोरगा गेला त्या वर्षीसुद्धा मला मत्सर वाटायला जागा होती. अशी बाई आहे मी."

ओनिडानं वायपर बंद केला. "मला मॅकरोनीचं काही नाही, माडिअर."

"खोटं बोलू नकोस. खूप आहे."

"बरं, आहे," ओनिडा रडत रडत हसली. "पण तेवढंच नाही. रोझेल गेल्यावर मला वाटलं, आता यांचं नि माझं काय? मूल असतं तर गोष्ट वेगळी होती. मला या घरात यायला एकच कारण उरलं होतं, शनिवार सकाळचे ते तीन तास. तुम्ही आत पडून होतात, मी चीज किसत होते, आणि मला वाटलं, अजून कुणाला तरी माझी गरज आहे. आणि मघाशी मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही कपात बघत होतात."

माडिअरनं खिडकीतून हात घातला आणि तिचा गाल धरला, जरा जोरातच, तिला हळू काही जमत नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "माफी मागते. मी मुलींकडेही कधी मागितली नाही."

"मग आणखी एक ऐका." ओनिडानं नाक पुसलं. "ईस्टरला मी करेन. माझ्या नावानं. आणि टेबलापाशी कुणी विचारलं, हे कुणी केलंय, तर उत्तर तुम्ही द्यायचं. मोठ्यानं."

"सगळ्यांसमोर?"

"पाळकसाहेबांसमोर."

"त्यांच्यासमोर कशाला? तो माणूस अजून डाव्या बाजूनं चावतो."

"पाळकसाहेबांसमोर, माडिअर. त्यांना पहिला वाढा. तुमच्या हातानं."

माडिअरनं गाडीवरची पिवळी पूड बोटानं पुसली. मग म्हणाली, "फार डोक्यावर बसलीस तू." आणि माझ्याकडे वळून, "विनी, लिही काय म्हणतेय ते. मोठ्या अक्षरात लिही, नाहीतर त्या दोघी म्हणतील चष्मा नव्हता."

आम्ही आत आलो तेव्हा क्लॉडेटनं सगळ्यांना केक कापून ठेवला होता आणि ती ओनिडाच्या गळ्यात पडून, मी तर पहिल्यापासून तुझ्याच बाजूची होते, असं शपथेवर सांगत होती. ओनिडानं तिला सांगू दिलं. व्हर्डेलनं मात्र टोपी घातली, पर्स घेतली, दोन शब्दांत निरोप घेतला आणि गेली. जाताना ओनिडाच्या जवळून गेली पण बोलली नाही, माझ्यामार्फतही नाही. माडिअर म्हणाली, जाऊ दे तिला, पचायला वेळ लागेल. ओनिडाचा केक मात्र तसाच राहिला. एक जण तिला आत घेत होती आणि एक जण दार लावून निघून गेली होती, आणि या घरात सत्ता माडिअरनंतर कुणाकडे जाणार ते तिला चांगलं माहीत होतं.

हे झालं रविवारी. सोमवारी सकाळी सव्वासहाला ओनिडाचा फोन वाजला. एवढ्या सकाळी फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असं समजून ती धावली.

"पाच चीज कुठली कुठली?" व्हर्डेल. ना नमस्कार, ना चमत्कार.

ओनिडानं सांगितली.

"धुरावलेलं गाउडा? गाउडा कशाला घालायचं? नव्या पोरींची थेरं आहेत ती. आई कधी घालत नव्हती."

"आई नाही घालत, मी घालते."

"आणि मोहरीची पूड? अगं क्लॉडेटनं आधीच सॅलडची वाट लावलीय मोहरीनं, तू मॅकरोनीतही कालवणार? तुला काही अक्कल?"

"तुम्हीच तीनदा घेतलीत ना? तेव्हा कुठे गेली होती तुमची अक्कल?"

"ते माझं दुःख होतं!"

"तुमचं दुःख मोहरीनंच चविष्ट लागत होतं!"

मग जे जुंपलं ते पन्नास मिनिटं. दूध किती, भट्टी किती, वर चुरा का नाही, तू लहान आहेस तुला कळत नाही, तुम्ही मोठ्या आहात म्हणून तुम्हाला कळतं असं कुणी सांगितलं. व्हर्डेल तिला हट्टी म्हणाली, आगाऊ म्हणाली, रोझेलनं तुला फार लाडावून ठेवलंय म्हणाली, आणि रोझेलचं नाव निघाल्यावर दोघी मिनिटभर फोनवर नुसत्या श्वास घेत राहिल्या, आणि मग पुन्हा चुऱ्यावर आल्या. शेवटी व्हर्डेलनं, शनिवारी मी येणार आहे आणि उभी राहून बघणार आहे, असं धमकावून फोन ठेवला.

ओनिडानं मला लगेच फोन लावला. ती हुंदके देत होती. मी घाबरले. काय झालं, काय बोलली ती, मी तिला सोडत नाही, वगैरे मी सुरू केलं.

"विनी," ती म्हणाली, "ती माझ्याशी भांडली गं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्याशी."